विषय: तोफांच्या आवाजाची तक्रार कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,
अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या लेसीत सकाळी सातच्या सुमारास तोफांच्या सरावाने खिडक्या खडखडतात. लुईस-मॅकॉर्ड या जवळच्या लष्करी तळाकडे तक्रार करायची आहे. मोबाइलच्या ॲपवर 58 डेसिबल दिसलं, ते जोडू का?
– लेसीहून

ताई,
58 जोडलंत तर तक्रार तिथेच मेली! ही ॲप्स बहुधा ए-वेटिंगने मोजतात, म्हणजे माणसाच्या कानासारखं खालच्या पट्टीतला आवाज कमी धरून. 31.5 हर्ट्झला त्यात जवळपास 39 डेसिबल कापले जातात, आणि तोफेचा जोर असतो तो तिथेच, खालच्या पट्टीत. सी-वेटिंग ही दुसरी मोजणी तिथे 3च कापते. अमेरिकी लष्कर मोठ्या शस्त्रांसाठी शिखरपातळी, म्हणजे दणक्याचा सगळ्यात वरचा क्षणिक आकडा, बघतं: 115 डेसिबलखाली तक्रारीची शक्यता कमी, 130पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. फोनच्या माइकला हे झेपत नाही. आकडा सोडाच.

वेळ लिहा, मिनिटासकट. जवळचा चौक, सुटे दणके की सलग तडतड, किती, वारा कुठून, धुकं होतं का. 10 किलोमीटरवरचा बार कानावर यायला अर्धं मिनिट लागतं. त्यांच्या गोळीबाराच्या नोंदींशी वेळ जुळते ती अशी.

धुकं कशाला? संगम माहुलीला थंडीत पहाटे धूर वर न चढता नदीवर आडवा पसरतो, आठवतं? खाली गार हवा, वर उबदार. अशा वेळी आवाजही वर निघून न जाता वाकून खाली येतो. त्याच तोफा दुपारी ऐकूही येत नाहीत. हवेची नोंद नसली की ‘नेहमीचाच सराव’ एवढंच उत्तर मिळतं.

खिडकीची काच ढिली असेल तर रबरी बीडिंग बदला. जाड पडद्यांनी या आवाजाला काही होत नाही, उगाच खर्च.
– यल्महून

इकडचं, भारतातलंही सांगतो. 2000च्या ध्वनिनियमांत रहिवासी भागाला दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. पण ती सरासरी, तीही ए-वेटिंगची. पाचसहा दणके त्यात विरघळून जातात. लष्करी सरावासाठी अधिसूचित क्षेत्रातल्या सरावाने नुकसान झालं, तर 1938च्या मैदानी गोळीबार कायद्याखाली भरपाई आहे, संरक्षण खात्याच्या तरतुदीतून. रक्कम जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला महसूल अधिकारी ठरवतो. नगरच्या के. के. रेंज या लष्करी सरावाच्या मैदानाच्या बाजूला कुणाचं घर असेल, तर भिंतीच्या तड्याशेजारी पट्टी धरून तारखेसह फोटो काढा आणि आधी पंचनामा करून घ्या. गिलावा झाल्यावर तलाठ्याला बोलावून तो काय बघणार?
– शाहूपुरी, सातारा