मदत हवी आहे: उचलण्याआधी कॉलरला त्याच्या भाषेतली सूचना ऐकवायची आहे (अ‍ॅस्टेरिस्क हे फोन-एक्सचेंजचं सॉफ्टवेअर)

बडोद्यात दांडिया बाजारात आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. पेशंट मराठीही, गुजरातीही. काउंटरवरचा फोन उचलेपर्यंत ट्रिंग-ट्रिंगऐवजी ज्याच्या-त्याच्या भाषेत ‘साखरेच्या तपासणीला उपाशीपोटी या’ एवढं ऐकू जावं, अशी मनापासून इच्छा आहे. वयस्कर माणसं चहा-बिस्किटं खाऊन येतात आणि परत जावं लागतं, ते बघवत नाही.

नंबरवरून भाषा शोधायचं काम झालंय. बिलिंगच्या मायएसक्यूएल डेटाबेसमधून ओडीबीसी जोडणीने भाषा येते, मग प्रोग्रेस() (कॉल न उचलताच आवाज पाठवायची आज्ञा), मग डायलच्या एम पर्यायात त्या भाषेचा म्युझिक-ऑन-होल्ड क्लास (रिंगऐवजी वाजणाऱ्या फायलींचा संच). लॉगमध्ये क्लास बरोबर दिसतो. फायली ८००० हर्ट्झ, मोनो. ऑफिसातल्या सॉफ्टफोनवर (संगणकावरच्या फोनवर) स्वच्छ ऐकू येतं.

अडचण बाहेरून येणाऱ्या कॉलची. काही मोबाइलवर सूचना ऐकू येते, काहींवर नेहमीचीच रिंग. ट्रेस पाहिला: आमच्याकडून एसडीपीसकट (आवाजाच्या तपशिलासकट) १८३ (‘कॉल पुढे सरकतोय’ हा संदेश) जातो, त्यानंतर १८० (‘रिंग वाजतेय’ हा संदेश) जात नाही.

आधी आन्सर() केलं की सगळीकडे ऐकू येतं, पण तो मार्ग नको. कॉलरचं बिल सुरू होतं, आणि न उचललेले कॉलही उचलल्यासारखे नोंदले जातात; त्याच यादीवरून आम्ही पेशंटना परत फोन करतो.

चॅनल पीजेसिप (अ‍ॅस्टेरिस्कमधला इंटरनेट-कॉल हाताळणारा भाग) आहे, ट्रंक (फोन कंपनीकडची बाहेरची लाइन) बदलणं सध्या शक्य नाही. १८३ वर पी-अर्ली-मीडिया हेडर (उचलण्याआधीचा आवाज पुढे जाऊ द्यायचा का, हे सांगणारी ओळ) लावून कुणाला फरक पडलाय का, आणि येणाऱ्या कॉलच्या उत्तरात तो जोडायचा कसा? की हा आवाज पुढेच अडतोय, आणि तसं असेल तर ट्रंकवाल्यांकडे नेमकं काय सुरू करून मागायचं?