'ओरिएंटेड' प्लास्टिक फिल्मला मराठीत काय म्हणावे?

विचारणा: पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी टिपणे लिहिते आहे. 'हायली ओरिएंटेड फिल्म'साठी 'अभिमुख' वापरले, तर मुले विचारतात, कोणाकडे अभिमुख? 'दिशायुक्त' चालेल का? आणि 'स्टिफ'ला कडक म्हणू की ताठ?

प्रतिसाद: ताई, 'ताठ'च घ्या. कडक म्हटले की ठिसूळही वाटते, आणि ही फिल्म ठिसूळ मुळीच नसते. ओढ दिली तरी ती फारशी ताणली जात नाही, एवढेच सांगायचे आहे.

'दिशायुक्त' मला अपुरा वाटतो. पॉलिएस्टरचेच पाहा. पेट, म्हणजे फिल्मसाठी वापरतात ते पॉलिएस्टर, साधारण 260 अंश सेल्सिअसला वितळते. त्याचा रस लांब फटीच्या डायमधून थंड रोलवर उतरतो, सोऱ्याला पापडीची चकती लावल्यासारखा. इथवर 'बहिःसारण' (एक्स्ट्रूजन) हा शब्द पुरतो. पण पट्टा इतका झटकन थंड होतो की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, आणि रेणूंच्या साखळ्या गुंतलेल्याच राहतात. मग तो 90 अंशांच्या आसपास तापवून, पुढचे रोल मागच्यांपेक्षा जलद फिरवून लांबीत तीन-साडेतीन पट ओढतात. त्यानंतर दोन्ही कडा चिमट्यांत धरून रुंदीतही जवळपास तेवढाच. साखळ्या ओढीच्या दिशेला लागतात, जाडी सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. शेवटी ताण न सोडता 200 अंशांच्या वर तापवले की स्फटिक वाढतात आणि रचना पक्की होते. म्हणजे रेणूंना दिशा दिली आणि तिथेच बांधून ठेवले. म्हणून 'दिशाबद्ध'.

प्रतिसाद: छत्रपती संभाजीनगरला पॉलिएस्टर फिल्मच्या लाइनवर होतो. आम्ही सरळ 'स्ट्रेच' म्हणायचो, पण टिपणासाठी 'दिशाबद्ध' आवडला. फक्त एकदिशाबद्ध की द्विदिशाबद्ध, हे लिहाच. पॉलिप्रॉपिलीनची पट्टी एकाच दिशेने खूप ओढली की उभी चिरते. प्लास्टिकची सुतळी त्यातूनच होते. पॅकिंगच्या फिल्मला ते परवडत नाही. एक शंका: श्रिंक फिल्म गरम हवेत आकसते, तिथे 'बद्ध' कसे?

प्रतिसाद: तिला ताणातच थंड करतात, वरच्यासारखे तापवून पक्के करत नाहीत. साखळ्या थिजून जागच्या जागी राहतात. ऊब मिळाली की मोकळ्या होऊन पुन्हा गोळा होतात. बंध आहे, पण थंडीपुरता. 'दिशाबद्ध'च लिहा, पुढे 'उष्णतेने स्थिर न केलेली' एवढे जोडा.