‘संमिश्र प्रतिसाद’ला मराठीत काय म्हणतात?

अनुवादी कारकून
एका स्मरणिकेसाठी इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. विषय असा की संगीत नाटकाचा सिनेमा झाला की प्रेक्षक आणि समीक्षक त्याला कसं घेतात. मधला मोठा तुकडा ‘कट्यार काळजात घुसली’वर आहे: खाँसाहेब आणि पंडितजी या दोन गवयांमधल्या ईर्ष्येवरचं पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७चं नाटक आणि सुबोध भावेंचा २०१५चा चित्रपट. दोन ठिकाणी अडलेय.

एक, मी ‘नाटकावर बेतलेला चित्रपट’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘रूपांतरित’ केलं आणि समासात शेरा मारला, ‘बेततं ते जिवावर!’

दोन, लेखात म्हटलंय की प्रेक्षकांना चित्रपट मनापासून आवडला. जाणकारांनी मात्र गाणं वाखाणलं आणि बाकी काही गोष्टींना नावं ठेवली. प्रेक्षकांसाठी ‘डोक्यावर घेतला’ आहेच. समीक्षकांसाठी ‘संमिश्र प्रतिसाद’ सोडून काही सुचत नाही, आणि तो शब्द वाचला की मला बंदची बातमी आठवते. ‘शहरात बंदला संमिश्र प्रतिसाद.’ निम्मी दुकानं उघडी, निम्मी बंद. घरचा शब्द आहे का एखादा?

पिटातला
खाँसाहेबांच्या जिवावर बेतलाच की तो सिनेमा. संपादक बरोबर आहेत.

जुनाट
बेतणे हा शिंप्याचा शब्द आहे. कापड मापून कातरायचं, ते बेतणं. नाटक तेच, अंग सिनेमाचं, म्हणून नव्याने बेतलं. याहून नेमकं काय हवंय तुमच्या संपादकांना? ‘रूपांतर’ला तर रंगभूमीवर स्वतःचा वेगळा अर्थ आहे. परक्या नाटकाला इथली नावं, इथली गावं, इथली माणसं देणं म्हणजे रूपांतर. देवलांचा ‘झुंझारराव’ हे ऑथेल्लोचं रूपांतर. ‘संशयकल्लोळ’चं मूळ मोलिएरकडे जातं, पण फाल्गुनराव पक्का आपला. ‘कट्यार’ मराठीतून मराठीतच आलं, त्यात कसलं रूपांतर? आता ‘माध्यमांतर’ म्हणतात. तो शब्द चर्चासत्रात चहाच्या आधी बरा वाटतो.

वऱ्हाडी ठेचा
बेतण्यावरून आठवलं. आमच्याकडे नागपुरात जुने हिंदी बोलणारे टेलर ‘ब्योंतना’ म्हणतात, म्हणजे माप घेऊन कापड कापणं. मला वाटतं आपला बेत आणि त्यांचा ब्योंत सख्खे भाऊ असावेत. आणि दारव्हेकर मास्तर आमच्या नागपूरचे, हे धाग्यात कोणीतरी लिहायलाच पाहिजे होतं, म्हणून लिहिलं.

जुनाट
ठेचाभाऊ, कानाला सारखं लागलं म्हणजे नातं जुळत नाही. सख्खे असतील, चुलत असतील, नुसते शेजारीही असतील. मास्तर तुमचे, हे मात्र मान्य.

मांडवीकाठी
मास्तर नागपूरचे असूं देत. चाली देणारे अभिषेकीबुवा मंगेशीचे, नाटकात गाणारे प्रसाद सावकार गोव्याचेच. नाटक तुमच्याकडे लिहिलं, गाणं आमच्याकडून आलं.

वऱ्हाडी ठेचा
वसंतराव?

मांडवीकाठी
वसंतराव सगळ्यांचे.

खमंग काकडी
मूळ प्रश्नावर येते. कारकूनताई, अडचण ‘संमिश्र’ची नाहीच. नाटकाच्या यशाचे शब्द सिनेमाला बसत नाहीत आणि लेख दोन्हीबद्दल आहे, तिथे खरी खोच आहे.

आपण ‘प्रयोग रंगला’ म्हणतो. नाटक रंगलं असंही म्हणतो, पण मनात त्या रात्रीचा प्रयोग असतो. तेच नाटक काल रंगलं, आज पडलं, असं होऊ शकतं. सिनेमा असा रंगत नाही. शुक्रवारी सकाळी जो आहे तोच रविवारी रात्री. त्यामुळे सिनेमा चालतो, पडतो, आपटतो, धो धो चालतो, पण ‘काल रात्रीचा शो फार रंगला’ असं कोणी म्हणत नाही. म्हणूनच नाटकाचे प्रयोग मोजायचे आणि सिनेमाचे आठवडे. आता आठवडेही गेले, कोटी मोजतात.

‘कट्यार’च्या बाबतीत तर हा फरक जास्तच. वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत एखादं पद किती वेळ गातील, हे समोरच्या माणसांवर ठरायचं. दाद आली की गाणं वाढायचं. म्हणजे प्रेक्षक नाटकात निम्मे भागीदार. सिनेमात ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली आहेत, राहुल देशपांडे गायलेत आजोबांच्या तोडीने, पण दाद आली म्हणून एक तानही वाढणार नाही. जुन्या रसिकांचं ‘गाणं छान, पण बैठक नाही’ हे म्हणणं तिथून आलं. यात सिनेमा वाईट आहे असं कोणी म्हणत नव्हतं. दाद कुठे द्यायची तेच त्यांना कळत नव्हतं.

म्हणून ‘समीक्षकांना गाणं रुचलं, सिनेमा तितका नाही’ असं सरळ लिहा. शब्द शोधायला गेलात तर वाक्य हरवेल.

बे एरियातली वहिनी
काकडी, ‘शो रंगला असं कोणी म्हणत नाही’ हे मला पटलं नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळाने ‘कट्यार’चा खेळ ठेवला होता. एका गाण्यानंतर मागच्या रांगेतून एक आजोबा ‘वन्स मोअर!’ ओरडले. चक्क पडद्याकडे बघून. सगळे हसले, मग टाळ्या पडल्या आणि पुढच्या गाण्यांना पडतच राहिल्या. त्या रात्री घरी येताना गाडीत आम्ही सगळे ‘काय रंगला!’ असंच म्हणत होतो. सिनेमा रंगला की प्रेक्षक रंगले, ते तुम्ही ठरवा.

आणि मी ‘खेळ’ लिहिलंय याकडे कोणीतरी लक्ष द्या. आमच्या घरी सिनेमाचा खेळच असतो. पूर्वी नाटकाचाही खेळच असे. प्रयोग हा शब्द शाळेत विज्ञानाचा आणि नाटकात पुस्तकी.

पिटातला
पडद्याला वन्स मोअर म्हणजे देवाला अर्ज.

शुद्धानंद
संपूर्ण धाग्यात ‘वन्स मोअर’, ‘शो’, ‘टेलर’, ‘कोटी मोजतात’. आणि तक्रार कशाची, तर ‘संमिश्र’ची! जो शब्द निखळ संस्कृत आहे तोच तुम्हाला परका वाटतो. सावरकरांनी ‘दिग्दर्शक’, ‘मध्यंतर’ दिले तेव्हाही लोक हसलेच असतील. आज मध्यंतराशिवाय कोणाचा बटाटेवडा होत नाही. ‘प्रतिसाद’ म्हणजे साद घातल्यावर उलट आलेला आवाज. नाटकाने साद घातली, प्रेक्षकांनी प्रतिसाद दिला. यात बंदची दुकानं कुठून आली?

समीक्षकांसाठी ‘मतभेद झाले’ लिहावं. साधं, शुद्ध.

अनुवादी कारकून
शुद्धानंदकाका, मतभेद म्हणजे एक समीक्षक एक म्हणाला आणि दुसरा दुसरं. माझ्या लेखात तसं नाहीये. एकच माणूस राहुल आणि महेश काळेंच्या गाण्याची तोंडभर स्तुती करतो आणि पुढच्याच परिच्छेदात म्हणतो की नाटकातला खाँसाहेब कलेच्या आणि ईर्ष्येच्या कात्रीत सापडलेला माणूस होता, पडद्यावर त्याच्याकडे खलनायकाचं काम दिलं. पंडितजींना शेंदूर खाऊ घालून त्यांचा आवाज घालवण्याचा प्रसंग कित्येकांना खटकला. म्हणजे एकाच तोंडाने गोड आणि कडू. त्याला काय म्हणू?

मांडवीकाठी
‘हातचं राखून कौतुक केलं.’ घ्या.

जुनाट
हातचं राखणे म्हणजे देऊ शकत असून न देणं. यात थोडा कंजूषपणा येतो, थोडा लबाडपणाही. त्या समीक्षकांनी गाण्याला हातचं न राखता दिलं होतं. तुमचा शब्द अर्ध्या वाक्याला लागू पडतो.

मांडवीकाठी
मग बाकीच्या अर्ध्याला ‘नाकं मुरडली’ लावा. जुनाट यांना काहीच पूर्ण लागू पडत नाही, हे मला दर धाग्यात दिसतं.

खमंग काकडी
‘नाकं मुरडली’त तर्कच नसतो, नुसता तोरा. खाँसाहेबाला खलनायक केलं ही तक्रार तोऱ्याची नाही, ती संहितेची आहे.

वऱ्हाडी ठेचा
शुद्धानंदजी, ‘हाऊसफुल्ल’बद्दल काय मत आहे? त्यातला जोड ल्ल कोणत्या इंग्रजीतला? नाट्यगृहाच्या दारावर तो बोर्ड लागला की तो शब्द आपला. इंग्रजाला वाचून दाखवला तरी त्याला कळणार नाही.

शुद्धानंद
चूक वारंवार केल्याने हक्क मिळत नाही.

बे एरियातली वहिनी
भाषेत तसाच मिळतो, काका.

पिटातला
‘डोक्यावर घेतला’बद्दल कोणी बोललं नाही. आमची पोरं रोज घर डोक्यावर घेतात. प्रेक्षकांनी सिनेमा डोक्यावर घेतला म्हणजे दंगा केला असंही होतंच की.

खमंग काकडी
घर डोक्यावर घेण्यात दंगा आहे, माणूस किंवा कलाकृती डोक्यावर घेण्यात मिरवणूक. कर्म बदललं की अर्थ बदलतो. ‘उचलून धरला’ मात्र मला इथे नको वाटतो. उचलून धरतात ती मागणी किंवा बाजू. त्यात पाठिंबा आहे, आनंद नाही. ‘कट्यार’ला तरुण पोरं आली, ज्यांनी आयुष्यात नाट्यपद ऐकलं नव्हतं, आणि बाहेर पडताना ‘सूर निरागस हो’ गुणगुणत होती. हा पाठिंबा नव्हे.

मांडवीकाठी
तिथेच तर जुन्यांचं दुखणं. ‘सूर निरागस हो’ हे शंकर-एहसान-लॉय यांचं नवं गाणं. महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अरुणी किरणी’ला, तेही नवंच. अभिषेकीबुवांची पदं सिनेमात होती, लोकांना आवडली, पण पोरांच्या तोंडी नवी गाणी बसली. आमच्या काकांना त्याचं वाईट वाटलं. मला नाही वाटलं. नव्या गाण्यासाठी आलेली पोरं दारातून आत आली, आणि आत ‘तेजोनिधी लोहगोल’ होतं.

एक शंका: ‘सूर निरागस हो’ हे पद की गाणं? मी पद म्हटलं तर काका उठून जातात.

जुनाट
पद नाटकात असतं. पात्र बोलता बोलता गायला लागतं, ते पद. सिनेमात गाणं.

बे एरियातली वहिनी
मग सिनेमातलं ‘घेई छंद’? रंगमंचावर पद आणि पडदा लागला की गाणं? तिकीट बदललं की जात बदलते?

जुनाट
हो. खरं तर हो.

वऱ्हाडी ठेचा
यावर मी एक विचारतो. नाटक ‘बसवतात’. ‘नाटक बसलं’ म्हणजे तालमी झाल्या, छान तयार झालं. पण ‘सिनेमा बसला’ म्हणजे निर्माता बुडाला. आणि तयार झालेल्या नाटकाला ‘उभं राहिलं’ही म्हणतात. बसलं तरी चांगलं, उभं राहिलं तरी चांगलं, हे कसं?

जुनाट
माझा तर्क: ‘बसवणे’ सोनाराकडून आलं. खडा कोंदणात बसवतात, तसं वाक्य पात्राच्या तोंडात. सिनेमा बसतो तो धंदा बसतो तसा. धातू एक, वाटा दोन.

शुद्धानंद
सोनार कुठून काढला? चाल बसवतात, गायन बसवतात. पात्रांना जागा ठरवून देणं म्हणजे बसवणं. गणपतीसुद्धा बसवतात, त्याला कोंदण लागत नाही.

अनुवादी कारकून
मंडळी, मजकूर उद्या सकाळी छापायला जातोय. ‘बेतलेला’ संपादकांना पटवला, जुनाट यांचा झुंझारराव कामी आला. समीक्षकांच्या वाक्यात अजून ‘संमिश्र प्रतिसाद’च आहे. कोणाकडे काही?

पिटातला
गणपती बसतो तेव्हा कोणी म्हणतं का, धंदा बसला?

शुद्धानंद
‘बसणे’साठी वेगळा धागा काढावा. इथे विषयांतर होतंय. तरी एकच सांगतो: देव बसवणं म्हणजे प्रतिष्ठापना, आणि ‘नाटक बसवणे’ त्याच अर्थाच्या जवळचं आहे. सोनाराचा काही संबंध नाही.

जुनाट
नांदी म्हणून नाटक सुरू करणारे आपण, म्हणून प्रतिष्ठापना? ओढूनताणून आहे हे. तालमीत दिग्दर्शक ‘हे वाक्य अजून बसत नाहीये’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात देव असतो का खडा, ते एखाद्या नाटकवाल्याला विचारा.

मांडवीकाठी
मी आमच्या गावच्या उत्सवात नाटकं बसवतो. माझ्या मनात दोन्ही नसतं. पाठांतर नसतं, एवढंच असतं.