जुन्या फोटोतल्या सायकलवरून साल ओळखता येतं का? (पंचवटीतल्या वाड्यात सापडलेला फोटो)

गोदाकाठ_नाशिक:
मंडळी, पंचवटीतला आमचा वाडा पाडायला काढलाय, तर माळ्यावर एक फ्रेम सापडली. धोतर, लांब कोट, पगडी असा एक तरुण सायकलच्या हँडलवर हात ठेवून ऐटीत उभा आणि मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब न् कारंजं. आजी म्हणते हे तिचे आजेसासरे आणि फोटो 1870 चा. दोन्ही चाकं सारखीच, चेन दिसतेय, मडगार्ड नाही. नेटवर त्या काळातल्या सायकली बघितल्या तर पुढचं चाक माणसाएवढं! मग आजीचं साल खरं मानायचं का?

चेन_उतरली:
1870 विसरा. मागच्या चाकाला चेन आणि दोन सारखी चाकं हा साचा रूढ झाला तो जॉन केम्प स्टार्लीच्या 1885 च्या रोव्हर सायकलपासून, इंग्लंडात कोव्हेंट्रीला. टायर बघा, जाड असेल तर हवेचा, म्हणजे डनलॉपच्या 1888 नंतरचा, त्याआधी भरीव रबराची बारीक पट्टी असायची. आणि ब्रेक नीट बघा भाऊ, खरी गंमत तिथंच आहे. हँडलपासून एक दांडी खाली येऊन पुढच्या टायरवर वरूनच पट्टी दाबते, की रॉड चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) बाजूने उतरून रिमपर्यंत जातो? वरून दाबणारा असेल तर गाडी जुनी. रिमवाला असेल तर विसावं शतक धरा, आणि मग पुढचं काही सांगता येत नाही कारण ती रॉडब्रेकवाली काळी सायकल आपल्याकडे दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी पुढे कित्येक दशकं तशीच्या तशी वापरली.

उंच_चाक:
मोठ्या चाकाचं कारण सोपं आहे. पायडल थेट पुढच्या चाकाला, चेन नाहीच, म्हणजे पायडलचा एक फेरा = चाकाचा एक फेरा. 50 इंची चाक एका फेऱ्यात साधारण 4 मीटर जातं, म्हणून वेग पाहिजे तर चाक मोठं करा, आणि ते किती मोठं हे तुमच्या तंगडीच्या लांबीवर! दगड आडवा आला की माणूस हँडलवरून थेट तोंडावर. तरी थॉमस स्टीव्हन्स असल्याच सायकलवर 1884 ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, 1886 मध्ये लाहोर ते कलकत्ता ग्रँड ट्रंक रोडने गेला आणि त्याच वर्षी योकोहामाला पोचला. चेन आली, दातांच्या चक्रांनी वेग मिळायला लागला आणि ते धूड गेलं.

बाकी कुणी 1817 च्या सायकलचा 'त्या वेळचा' फोटो म्हणून फॉरवर्ड केला तर हसून सोडून द्या. कार्ल फॉन द्राइसने मानहाइममध्ये पायाने ढकलायची लाकडी गाडी काढली तेव्हा कॅमेऱ्याचाच पत्ता नव्हता, डागेरची फोटो काढायची पद्धत जाहीर झाली 1839 ला.

काचेची_प्लेट:
वरच्यांचं बरोबर, पण सायकल फक्त 'याच्या आधीचा नाही' एवढंच सांगते. फोटोच्या वेळी ती वीस वर्षं जुनी असू शकते. शिवाय ती तुमच्या खापरपणजोबांचीच हे कशावरून? स्टुडिओवाले पडदा, खुर्ची, कुंडी तशी सायकलही ठेवायचे, येईल तो तिला धरून उभा. धोतराचा सोगा चेनपाशी मोकळा आहे का बघा, चालवत आलेला माणूस तो खोचून ठेवतो. आणि फ्रेमच्या आत जाड पुठ्ठा असेल तर खाली-मागे स्टुडिओचं नाव-गाव छापलेलं असतं, साल लावायला सायकलपेक्षा तेच कामाचं.

गोदाकाठ_नाशिक:
ब्रेक वरून दाबणाराच आहे, टायर जाड. सोगा चक्क जमिनीला टेकलाय 😄 आजीला अजून काही बोललो नाहीये. पुठ्ठा बघायला मागची पत्र्याची पट्टी काढली पण फोटो काचेला चिकटलाय, ओढू का?

काचेची_प्लेट:
अजिबात नको! वरचा थर काचेबरोबर येईल आणि चेहराच जाईल. काचेसकट स्कॅन करा, मगच जाणकाराकडे न्या. पाठीमागच्या छापाचा मोबाइलवर फोटो काढून इथे टाका, स्टुडिओ नाशिकचा की देवळाली कॅम्पचा ते तरी कळेल.