अंबरमधला रोव्ह बीटल: उपकुळ कसं ठरवायचं?

प्रश्न: बर्मी अंबर (म्यानमारचा, झाडाच्या राळेचा जीवाश्म), सुमारे ९.९ कोटी वर्षं जुना, आत रोव्ह बीटल (आखूड पंखकवचांच्या भुंगेऱ्यांचं कुळ). भुंगेरा ३ मिमी, पंखकवचं आखूड, पोटाचे खंड उघडे. खालची बाजू अंबरमधल्या हवेच्या बुडबुड्याआड. पुढे काय?

प्रतिसाद १: शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) कुठून निघतात ते बघा. डोळ्यांच्या आतल्या कडेजवळ, कपाळावरून निघत असतील तर अ‍ॅलिओकॅरिनी हे उपकुळ. डोळे अवाढव्य, फुगीर असतील तर स्टेनिनी हे उपकुळही तपासा. नुसत्या आखूड कवचांवर जाऊ नका.

प्रतिसाद २: पायाचे टार्सल (पावलाचे) खंडही मोजा, पण जपून! अ‍ॅलिओकॅरिनीत ४-४-५, ४-५-५, ५-५-५ (पुढच्या-मधल्या-मागच्या पायांचे खंड) सगळंच सापडतं. अंबरवरचे ओरखडे आड येत असतील तर ग्लिसरीनचा थेंब नि वर कव्हरस्लिप (पातळ काच). ग्लिसरीनचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) अंबरच्या जवळचा असल्याने ओरखडे दिसेनासे होतात.

प्रतिसाद ३: बुडबुड्यापर्यंत पोचायला अंबर घासत बसू नका, कीटकच कापला जाईल. मायक्रो-सीटी (क्ष-किरणांनी त्रिमितीय स्कॅन) करा, हवेमुळे कडा उलट ठळक येतात.