दुसरीतला मुलगा धडाधड वाचतो पण काय वाचलं ते सांगता येत नाही, हे आपोआप सुधारतं का?

ठाण्याची_आई
नमस्कार. मुलगा दुसरीत, मराठी माध्यम. वाचन एकदम फास्ट, जोडाक्षरांना पण अडखळत नाही, पालकसभेत बाई म्हणाल्या वाचनात ए ग्रेड आहे काळजी करू नका. पण परवा घरी पेपरमधली छोटी बातमी वाचायला दिली, बिबट्या विहिरीत पडला आणि वनखात्याच्या लोकांनी पिंजरा आत सोडून त्याला वर काढला, सगळं खाडखाड वाचलं, मग विचारलं बिबट्या वर कसा आला रे, तर नुसता माझ्या तोंडाकडे बघत बसला. परत वाच म्हटलं तर परत तेवढ्याच स्पीडने. हाच मुलगा मी गोष्ट सांगायला लागले की प्रश्न विचारून भंडावून सोडतो. शाळेत सांगितलं तर म्हणे पुढच्या इयत्तेत येईल आपोआप. खरंच येतं का? आणि उच्चार बरोबर आला की वाचता आलं असं शाळा कसं काय धरते?

पालघर_गुरुजी
ताई, आपोआप येत नाही. मी झेडपीच्या शाळेत पहिली-दुसरीलाच शिकवतो म्हणून ठामपणे सांगतो. बऱ्याच शाळांत आधी सगळी मुळाक्षरं, मग क का कि की करत अख्खी बाराखडी, मग बिनकान्याचे शब्द, यात कित्येक महिने जातात आणि तोपर्यंत पोराच्या वाट्याला काय येतं तर 'छगन कमळ बघ'. यात समजून घेण्यासारखं काहीच नाही, मग पोरगं हेच शिकतं की वाचायचं म्हणजे तोंडाने आवाज काढायचा.

आम्ही अक्षरगटाने शिकवतो. म, ल, र, ग, आ एवढी अक्षरं आणि काना झाला की 'मामाला राग आला' हे वाक्य पोरगं स्वतः वाचतं, आणि तिथेच थांबून विचारायचं, का बरं आला असेल राग? वर्गात नुसता कल्ला होतो, कोण म्हणतं बैल पळाला, कोण म्हणतं मामीने जेवण नाही दिलं. आमची अर्धी पोरं घरी वारली बोलतात, ती त्यांच्या भाषेत उत्तर देतात, देऊ देत, अर्थ लागला हे महत्त्वाचं. आमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडला अनुताई वाघ आणि त्यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे पोराच्या जगण्यातून शिक्षण सुरू करायचं हे इथे फार आधी करून दाखवलंय. तरी अजून आपण बाराखडी पाठ झाली का एवढंच विचारतो याचं वाईट वाटतं.

स्टॉपवॉच_नको
गुरुजींशी सहमत, पण दोष एकट्या बाईंचा नाही. निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान २०२१ ला आलं, त्यात तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगाने, समजून वाचावा असं लक्ष्य आहे. कागदावर समजून आहे, पण शब्द मोजायला मोबाईल पुरतो आणि समज तपासायला प्रत्येक मुलाशी बोलत बसावं लागतं, तपासणीला कोणी आलं की मग शब्दच मोजले जातात. मोठ्यांचंही तेच. जनगणनेत सात वर्षं आणि त्यावरच्या ज्याला कुठलीही एक भाषा समजून लिहिता-वाचता येते तो साक्षर, त्या हिशोबाने २०११ ला महाराष्ट्र ८२.३४ टक्के. पण प्रगणक दारात विचारतो आणि लिहून घेतो. आमच्या बचत गटात कर्जाच्या फॉर्मवर सगळ्याजणी सही करतात, त्यातल्या किती जणींना व्याजाची अट वाचून कळते? माझ्या मते अट वाचून 'हे असं का' विचारता आलं पाहिजे, तिथपर्यंत शिकवणं हे शाळेचंच काम आहे.

विशेष_शिक्षिका
एक उलटी बाजू मांडते. अक्षरांवरची पकड कमी लेखू नका. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना गोष्ट ऐकून सगळी कळते पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि तिचा उच्चार नंतर येतो इथेच अडकतात, रफार आला की संपलंच. गफ आणि टनमर या वाचनावरच्या संशोधकांनी १९८६ ला साधं सूत्र मांडलं, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणिले आहे, म्हणजे एक बाजू शून्य झाली की सगळं शून्य. तुमच्या मुलाच्या दोन्ही बाजू चांगल्या दिसतायत ताई, अक्षरंही येतात आणि गोष्टही कळते, फक्त वाचताना तो दोन्ही एकत्र आणत नाहीये कारण तसं त्याला कोणी करायलाच लावलं नाही. त्यामुळे घाबरू नका पण थांबूही नका.

ठाण्याची_आई
खूप बरं वाटलं वाचून. मग घरी नेमकं काय करू? रोज प्रश्नोत्तरं घेतली तर वैतागेल तो.

पालघर_गुरुजी
परीक्षा घेऊच नका. तुम्ही मोठ्याने वाचा, मध्येच थांबा आणि पुढे काय होईल ते त्याला सांगू द्या, मग पुढचं पान त्याला वाचू द्या, आपला अंदाज बरोबर का हे बघायला तो आपोआप हळू वाचतो. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, त्यातलं त्याचं त्याला निवडू द्या. आणि लिहायला लावा, पण स्वतःचं, 'काल मी आजीकडे गेलतो' असं लिहिलं तरी लाल पेन काढू नका, आधी विचारा आजीकडे काय केलंस.

विशेष_शिक्षिका
आणि बाईंना भेटाल तेव्हा तीच बिबट्याची बातमी घेऊन जा, त्यांच्यासमोर त्याला वाचू दे आणि मग प्रश्न बाईंनीच त्याला विचारावा.