रोजचा बासरीचा रियाज, नोकरी आणि घराचा शोध यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार.

मी गेली सहा वर्षे हिंदुस्थानी पद्धतीची बासरी शिकत आहे. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा असल्यामुळे रियाजासाठी सकाळचा एक तास राखून ठेवला होता आणि आजारपणाचे दिवस सोडले तर तो नियम आजवर मोडला नव्हता. आता राहते घर घरमालकांना स्वतःच्या कुटुंबासाठी हवे आहे. त्यांनी दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्यातले पाच आठवडे संपले. एवढ्या काळात मी एकोणीस घरे पाहिली आणि रियाज मात्र आठवड्यातून जेमतेम तीन-चार दिवसांवर, तोही वीस-पंचवीस मिनिटांवर आला आहे. अशा परिस्थितीतून गेलेल्या वादकांचा सल्ला हवा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी बासरी पांढरी तीनची (हार्मोनियमवरच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीला षड्ज धरणारी), सुमारे अडीच फूट लांबीची आहे. पंडित पन्नालाल घोष यांनी मोठी बासरी रागसंगीतात रुजवली म्हणून मंद्र सप्तकाचे, म्हणजे सर्वांत खालच्या सुरांचे, गांभीर्य या वाद्याला लाभले, परंतु खंड पडला की पहिला घाव त्या मंद्रावरच बसतो. सहाही छिद्रे बंद करून मंद्र पंचम (खालचा प) लावायचा तर फुंक मंद आणि एकसारखी लागते. थोडा जोर झाला की सूर वरच्या सप्तकात उडी मारतो, आणि उजव्या हाताची अनामिका केसभर जरी सरकली तरी सुराऐवजी नुसती हवा ऐकू येते. हा पंचम मी सोळा-सतरा सेकंद स्थिर धरू शकत होते. परवा, तीन दिवसांच्या खंडानंतर, आठव्या सेकंदालाच ओठांच्या कडा थरथरू लागल्या आणि सूर फाटला. बासरी खाली ठेवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

दुसरी अडचण रागाची आहे. दोन महिन्यांपूर्वी गुरुजींनी बागेश्री सुरू केला. आधी यमन राग वाजवताना तीव्र मध्यमासाठी सगळी छिद्रे मोकळी सोडली की काम होत होते. बागेश्रीत मात्र कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि कोमल निषाद हे तिन्ही सूर अर्धे छिद्र झाकून काढावे लागतात. बोट नेमके किती झाकायचे हे कानच सांगतो, आणि तो कान रोजच्या सवयीवर जगतो. मध्यमावरून गंधारावर घसरत येणारी मींड दोन दिवस सुटली तरी मधल्या जागेत अडखळते. त्यातच सकाळच्या गारव्यात बासरी तानपुऱ्यापेक्षा उतरलेली असते आणि फुंकेने आतली हवा उबदार होईपर्यंत काही मिनिटे जातात. वीस मिनिटांच्या रियाजात ही काही मिनिटे फार मोठी वाटतात.

वेळ जातो कुठे, तेही सांगते. रात्री उशिरापर्यंत घरांच्या जाहिराती चाळायच्या, सकाळी दलालांचे फोन घ्यायचे, काम संपवून संध्याकाळी घरे पाहायची, आणि परतेपर्यंत शेजारी झोपलेले असतात. शनिवार-रविवार तर पूर्णच जातात. प्रवासात मी कानात तानपुरा लावून मनातल्या मनात बंदिश म्हणते आणि पेनावर बोटे ठेवून पलटे (सुरांच्या सरावाचे ठरावीक क्रम) फिरवते. याने लय आणि स्वरक्रम लक्षात राहतात असा अनुभव आहे, पण फुंकेचे काय? हातात वीसच मिनिटे असतील तेव्हा ती सगळी मंद्रातल्या दीर्घ सुरांना द्यावीत, की दहा मिनिटे सूर आणि दहा मिनिटे रागातली एकच जागा, असे विभागावे? सकाळी दहा मिनिटे आणि कार्यालयातून परतल्यावर दहा मिनिटे, अशी फोड करून कोणाची फुंक टिकली आहे का?

घराविषयीही विचारायचे आहे. गेल्या रविवारी एका रिकाम्या घरात मी परवानगी घेऊन दोन मिनिटे बासरी वाजवली. उघड्या भिंतींमुळे सूर इतका घुमला की माझी सध्याची कच्ची फुंकसुद्धा भरदार वाटली, आणि क्षणभर मी ते घर मनोमन घेऊनही टाकले. सोबतचे गृहस्थ शेजारच्या खोलीचे दार लावून उभे होते. त्यांनी बाहेर येऊन सांगितले की प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येत होता. सामान आणि पडदे आल्यावर घुमणे कमी होईल, पण सामाईक भिंतीतून जाणारा आवाज त्याने थांबणार नाही, हे तेव्हा लक्षात आले. घर पाहताना शेजाऱ्यांपर्यंत जाणाऱ्या आवाजाचा अंदाज तुम्ही कसा घेता?

शिवाय, बासरीबद्दल घरमालकांना कधी सांगावे? दोन ठिकाणी मी पहिल्याच भेटीत सांगितले आणि दोन्हीकडून नंतर नकार आला. करार झाल्यावर हळूहळू सांग, असे घरचे म्हणतात. मला ते पटत नाही. रोज तासभर जे करणार ते लपवून मी कोणाच्या घरात राहू इच्छित नाही. तरीही आणखी दोन-तीन नकार परवडतील इतके दिवस हातात नाहीत. रियाजाची वेळ करारातच लिहून घेतल्याचा कोणाचा अनुभव असल्यास त्यातले शब्द कसे होते तेही कळवावे.

आता दोन घरे उरली आहेत. पहिले कार्यालयापासून पंधरा मिनिटांवर आहे, पण तिथल्या एकमेव मोकळ्या खोलीची भिंत शेजारच्या वृद्ध दांपत्याच्या झोपण्याच्या खोलीला लागून आहे, त्यामुळे सकाळी साडेआठच्या आधी वाजवणे मला योग्य वाटत नाही, आणि साडेआठला मला निघायचे असते. दुसरे सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. तिथे कोपऱ्यातल्या छोट्या खोलीला एकही सामाईक भिंत नाही आणि घरमालकांना बासरी चालणार आहे. मात्र कार्यालयात पोहोचायला सव्वा तास लागतो, म्हणजे येता-जाता मिळून रोजचे दोन तास जास्त जातील. पहिल्या घरात वेळ मिळेल पण वाजवण्याची मोकळीक नसेल, दुसऱ्यात मोकळीक असेल पण थकलेल्या शरीरात फुंक किती उरेल याची चिंता वाटते. शुक्रवारपर्यंत दोघांपैकी एका घरमालकांना होकार कळवायचा आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर कोणते घर घेतले असते, आणि का?